रंगाऱ्याच्या घरातली कावीळ

दुकान जुनं असलं की किस्से आपोआप साचतात, तपेल्याच्या तळाशी रंगाचा गाळ बसतो तसे. रोज कोणी ढवळत नाही म्हणून दिसत नाहीत, एवढंच. आमचं कपडे रंगवायचं दुकान चिकपेटेच्या मागच्या गल्लीत आहे. माझ्या आजोबांनी काढलं, आता माझा मुलगा विनायक चालवतो, आणि मी पायरीवर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला अडवतो. घरात मराठी, गिऱ्हाइकाशी कन्नड. शाळेचं तोंड मी पाहिलं नाही, पण साठ वर्षं रंग पाहिले.

आज सांगतो ते किस्से बहुतेक एकाच बाळाचे आहेत, माझ्या पणतवाचे. तो चार दिवसांचा होता तेव्हा त्याची कावीळ वाढत चालली होती, आणि ती वाढतेय की नाही हे ठरवायचं काम घरच्यांनी माझ्यावर सोडलं होतं. प्रत्येक किश्श्यात एक मूर्ख आहे. शोधायला त्रास पडू नये म्हणून आधीच सांगतो, तो मीच.

* * *

आमच्या घरात रंगाचा निकाल माझा. चहा पुरेसा उकळला का, तूप कढलं का, आंबा आज कापायचा की उद्या, सगळं पातेल्यासकट नाहीतर टोपलीसकट माझ्यापुढे येतं. मी उजेडाकडे धरतो, मान तिरकी करतो आणि सांगतो. मान तिरकी केल्याने काही जास्त दिसत नाही, पण लोकांचा विश्वास बसतो.

नात पल्लवीने लग्न ठरवलं तेव्हा तिचा ऋषी पहिल्यांदा घरी आला. मुलगा पुण्याचा, हेब्बाळला कॉम्प्युटरच्या कंपनीत. नवाकोरा लाल शर्ट घालून आला होता. तो गेल्यावर विनायकने विचारलं, "अण्णा, कसा वाटला?"

मी म्हणालो, "मुलगा पक्क्या रंगाचा आहे. शर्ट नाही."

लग्नानंतर जावई पहिल्यांदा मुक्कामाला आला, तो शर्ट आमच्या धुण्यात पडला आणि विनायकची तीन धोतरं गुलाबी झाली. तेव्हापासून घरात माझा शब्द म्हणजे शेवटचा. त्या तीन धोतरांनी पुढे केवढा घोटाळा करून ठेवला, ते ऐका.

* * *

त्याआधी माझ्या स्वतःच्या काविळीचं सांगतो. मोठ्या माणसाची कावीळ वेगळी आणि नुकत्याच जन्मलेल्या बाळाची वेगळी, हे मला अगदी अलीकडे कळलं. मी विशीत असताना मला झाली होती, आणि आईने मला कावीळ उतरवणाऱ्या एका बुवाकडे नेलं.

बुवाने डोक्यावर काटक्यांची बारीक माळ ठेवली. कावीळ उतरेल तशी माळ वाढत जाईल आणि पायातून निघेल, असं म्हणाला. मग माझ्या हातांना कसलंसं तांबूस पाणी चोळलं आणि चुन्याच्या निवळीत हात धुवायला लावले. परातीतलं पाणी पिवळंजर्द झालं. "बघ, निघाली," तो म्हणाला. मी पाया पडलो.

घरी आल्यावर वडिलांनी माझ्या हातांचा वास घेतला. "आंब्याची साल," ते म्हणाले. आंब्याच्या सालीचा काढा आणि चुना एकत्र आला की पिवळा येतो. हे मी त्याच आठवड्यात दुकानात दोन तपेली भरून केलं होतं, माझ्याच हातांनी.

वडील म्हणाले, "ही कावीळ असेल, तर आपल्या दुकानाला दोन पिढ्यांपासून झालीय."

मला पटलं. माळ मात्र मी काढली नाही. वाढत होती ना.

* * *

आता बाळ. पल्लवीचं बाळंतपण हेब्बाळच्या इस्पितळात झालं, तिच्या फ्लॅटजवळ. तिथून ती बाळाला घेऊन माहेरी, म्हणजे आमच्याकडे यायची होती. निघताना मुलांच्या डॉक्टरीणबाईंनी आम्हाला समोर बसवलं आणि सावकाश समजावलं. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पुष्कळ बाळं थोडी पिवळी होतात, आठ-पंधरा दिवसांत ते आपोआप जातं, घाबरू नका. पण रोज दिवसाच्या उजेडात बघा. कपाळ, छाती बोटाने हलकेच दाबा, बोट उचललं की खालची कातडी पिवळी दिसते का पाहा. डोळ्यांचा पांढरा भाग पाहा. पिवळेपणा चेहऱ्यावरून खाली उतरत जातो. पोट, मांड्या, तळपाय असा निघाला, किंवा बाळ दूध ओढेना, उठवून उठेना, लघवी कमी झाली, तर वाट बघायची नाही, आणायचं. आणि काही नसलं तरी चौथ्या दिवशी दाखवायला या.

ऋषीने सगळं मोबाइलमध्ये लिहून घेतलं. मी नुसती मान हलवली. विषय रंगाचा होता, मला काय लिहून घ्यायचं.

आमच्या घरात नव्या बाळाचं पहिलं दुपटं थोरल्या रंगाऱ्याने हळदीत रंगवायचं असतं. मी रंगवलं. तिसऱ्या दिवशी सकाळी पल्लवी खिडकीपाशी बाळाला घेऊन बसली, कपाळ दाबलं, छाती दाबली आणि रडवेली झाली. "मला सगळं पिवळंच दिसतंय." ऋषीने डॉक्टरीणबाईंना व्हिडिओ कॉल लावला.

त्या म्हणाल्या, "आधी ते पिवळं कापड काढा. पांढऱ्या चादरीवर ठेवून बघा. फोनवर मला रंग कळत नाही. वाढलंय असं वाटलं तर आजच या, नाहीतर उद्या या."

पिवळ्यावर पिवळा बघायचा नसतो, यावरून मी विनायकला लहानपणी किती वेळा बोललो असेन. तो तिथेच उभा होता. त्याने दुपट्याची घडी घातली आणि माझ्या मांडीवर आणून ठेवली.

* * *

बाळ पांढऱ्या चादरीवर ठेवलं. सून मंजुळा म्हणाली, "थोडा वेळ कोवळ्या उन्हात धरलं की जातं." आमची ही म्हणाली, "पल्लवीने आता हळदीचं वरण खाऊ नये."

"आजी, हळद मी खाणार आणि पिवळा तो होणार?" पल्लवी म्हणाली.

"दुधातून जातं."

"मग मी पालक खाल्ला तर हिरवा होईल का?"

संध्याकाळी ऋषी मोबाइल घेऊन पुढे आला. त्यात त्याने तक्ताच केला होता. "आजोबा, काल सहा वेळा लंगोट ओला झाला होता. आज संध्याकाळपर्यंत तीन. डॉक्टरांनी हे बघायला सांगितलंय."

मी म्हणालो, "अरे, कमी लागते म्हणून कोणी काळजी करतं का? मला जास्त लागते म्हणून मला नेतात."

सगळे हसले. ऋषी हसला नाही. मग सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं, कारण निकाल माझा. मी बाळाला घेऊन पायरीवर गेलो, साडीचा नमुना बघावा तसं या अंगाने, त्या अंगाने बघितलं, मान तिरकी केली.

"गव्हाळ आहे," मी म्हणालो. "विनायकचाच शेड. बारशाच्या आधी बाळाला उंबरठ्याबाहेर काढायची गरज नाही. उद्याचंही राहू दे."

विनायकने बाळाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. "अण्णा म्हणतात तर..." एवढं बोलून थांबला. मला वाटलं, मुलगा किती मान ठेवतो.

* * *

चौथ्या दिवशी सकाळी बाळ उठेना. पल्लवीने तळपायाला गुदगुल्या केल्या, ओलं फडकं लावलं. त्याने दोनदा दूध ओढलं आणि परत झोपला. मी कौतुक केलं. "काय शहाणं लेकरू आहे. रडणं नाही की काही नाही."

पल्लवीने त्याला खिडकीत चादरीवर ठेवलं. पोट दाबलं. मांडी दाबली. पाऊल दाबलं.

"अण्णा, बघा. पायापर्यंत आलंय."

मी बघितलं. अगदी प्रामाणिकपणे बघितलं. "नाही ग. गव्हाळच आहे."

तिने बाळाचे पाय चादरीत गुंडाळले. मग म्हणाली, "अण्णा, तुम्हाला पिवळा दिसत नाही."

हिने गॅस बारीक केला. मंजुळाने पदराला हात पुसले, ते कोरडेच होते.

"म्हणजे काय?" मी विनायकला विचारलं.

तो जमिनीकडे बघत म्हणाला, "तीन वर्षं झाली, अण्णा. तुम्ही लिंबू म्हणून काढता तो हळदीसारखा गडद निघतो. तुम्ही जेवायला गेलात की मी तो उतरवतो आणि परत रंगवतो."

"सगळ्या पिवळ्या साड्या?"

"केशरीसुद्धा."

मी हिच्याकडे बघितलं. ही म्हणाली, "तुम्हाला वाईट वाटलं असतं."

म्हणजे तीन वर्षं मी पायरीवर बसून ज्या साड्यांकडे बघून मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटत होतो, त्या विनायकच्या होत्या. घराला माहीत, शेजारच्या दुकानाला माहीत, गिऱ्हाइकांना माहीत. गल्लीतली म्हातारी कोथिंबीरवालीसुद्धा म्हणे पिवळं पातळ मी जेवायला गेल्यावरच आणून द्यायची.

"साडी परत रंगवता येते," पल्लवी म्हणाली, आणि बाळाला उचलून चालू लागली.

* * *

ऋषी मोबाइलवर गाडी बोलवत होता तोवर तिने रस्त्यावरचा ऑटो थांबवलासुद्धा. ऋषी पुढे ड्रायव्हरला चिकटून, मागे पल्लवी, मी आणि बाळ; बाकीचे दुसऱ्या ऑटोने मागून आले. ड्रायव्हरने आरशातून बघितलं. "कामाले का, अक्का?" कन्नडमध्ये काविळीला कामाले म्हणतात. मग कन्नडमध्येच सांगू लागला, त्याच्या गावात एक जण आहे, मनगटावर पान बांधतो, तीन दिवसांत साफ.

मी तोंडात मूग धरून बसायचं ठरवलं होतं. पण जन्माची सवय. "कुठलं पान?" मी विचारलं.

"अण्णा, गप्प बसा," पल्लवी म्हणाली.

आम्ही दोघेही गप्प बसलो. इथे ड्रायव्हरही अण्णाच असतो.

पुढचा सगळा रस्ता ती बाळाचा तळपाय अंगठ्याने चोळत होती आणि त्याला नावाशिवायच हाका मारत होती. नाव ठेवायचं होतं अजून. सिग्नलला थांबलो की ती पुढे बघायची, आणि ड्रायव्हर न सांगता हॉर्न द्यायचा. हेब्बाळचा पूल आला तेव्हा त्याने एवढंच विचारलं, "नेरा?" म्हणजे सरळ?

"नेरा," ती म्हणाली.

* * *

डॉक्टरीणबाईंनी बाळाच्या टाचेतून रक्त घेतलं. आकडा बराच वर गेला होता. आईचा रक्तगट ओ, बाळाचा ए, अशा बाळांत रक्त जास्त फुटतं आणि त्यातून तो पिवळा तयार होतो, कोवळ्या यकृताला तेवढा बाहेर टाकता येत नाही, असं त्यांनी सांगितलं. मग बाळाच्या डोळ्यांवर पट्टी बांधून, अंगावर फक्त लंगोट ठेवून त्याला निळ्या दिव्यांखाली निजवलं.

"काल का नाही आणलंत?" त्यांनी विचारलं.

सगळे इकडेतिकडे बघू लागले. परत तोच मान ठेवणं सुरू झालेलं बघून मीच म्हणालो, "माझ्यामुळे."

त्या रागावल्या नाहीत. त्याने जास्त लाज वाटली. म्हणून मी विचारलं, "बाई, उजेडाने रंग उडतो, हे मला माहीत आहे. मग घरच्या उन्हात का नाही जाणार?"

"अज्जा, उन्हाला माप नाही. उघडं ठेवलं तर बाळ गारठतं किंवा भाजतं, आणि तुम्ही उन्हाच्या भरवशावर घरी बसता. हा उजेड मोजून दिलेला आहे."

"म्हणजे हा रंग कच्चा आहे."

त्यांनी काचेतून बाळाकडे बघितलं. "आत्ता कच्चा आहे. फार वाढला आणि वेळेत उतरवला नाही, तर मेंदूत जाऊन बसतो. तिथे तो पक्का होतो. मग मला उतरवता येत नाही."

साठ वर्षं मी पक्का रंग म्हणजे चांगला रंग असं लोकांना सांगत आलो. त्या दिवशी त्या बाकावर बसून मी पहिल्यांदाच मनापासून मागितलं, की हा कच्चा असू दे.

दोन दिवस बाळ त्या उजेडात होतं. मध्ये मध्ये पल्लवी त्याला दूध पाजायची, पाणी नाही, ग्लुकोज नाही, फक्त तिचंच दूध, दर दोन-अडीच तासांनी. तिसऱ्या दिवशी सकाळी टाचेला सुई लागली आणि तो इतक्या जोरात रडला की नर्स दचकली. बाहेर आम्ही पाच जण एकमेकांकडे बघून हसत होतो. आकडा उतरला होता. ही कावीळ कानांवरही जाऊ शकते म्हणून पुढे कान तपासले, तेही ठीक निघाले.

* * *

त्या दोन दिवसांत मला इस्पितळाच्या बाकावर वक्तृत्व फुटलं. पश्चात्ताप झालेल्या माणसाइतकं कंटाळवाणं कोणी नसतं. शेजारी एक चष्मेवाला तरुण बसला होता, नागपूरचा, मराठी बोलणारा. मी त्याला पकडलं.

"हे बघा, जन्मल्यापासून पहिल्या चोवीस तासांतच पिवळं झालं तर थांबायचंच नाही. ताप आला, अंग ढिलं पडलं, पाठीची कमान करून किंचाळलं, तर दिवस बघू नका, घड्याळ बघू नका. शी पांढुरकी झाली, लघवी गडद झाली, दोन आठवड्यांनंतरही पिवळेपणा राहिला, तरी दाखवायचं. आणि घरात कोणी म्हातारा म्हणाला की काही नाही, गव्हाळ आहे, तर त्याचं ऐकायचं नाही."

तो अगदी मान देऊन ऐकत होता. मला हुरूप आला. मी बोट दाबून कसं बघायचं ते त्याच्याच कपाळावर दाखवलं. अर्धा तास झाला असेल. मग त्याच्या नावाचा पुकारा झाला, तो उठला.

"बाळ कसं आहे तुमचं?" मी विचारलं.

"काका, मी हर्नियासाठी आलोय," तो म्हणाला. "पण लग्न ठरतंय, तेव्हा लक्षात ठेवतो."

* * *

बाळाला घरी सोडताना डॉक्टरीणबाईंनी एक चिठ्ठी पल्लवीला दिली आणि एक मला. "बाळाचं झालं. आता तुम्ही डोळ्यांच्या डॉक्टरकडे जा." डोळ्यांचे डॉक्टर म्हणाले, मोतीबिंदू चांगलाच पिकलाय, तीन-चार वर्षं तुम्ही पिवळ्या काचेतून जग बघताय. बाळ दोन महिन्यांचं झालं तेव्हा उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं.

ऑपरेशननंतर तिसऱ्या दिवशी दुपारी मी घरी होतो. पल्लवी जरा पडली होती, बाळ माझ्यापाशी. म्हटलं, आता या नव्या डोळ्याने पणतवाला नीट बघावं. काळा चष्मा काढला, डावा डोळा मिटला आणि बाळाला खिडकीत पांढऱ्या चादरीवर ठेवलं.

बाळ निळं होतं.

कपाळ निळसर, ओठ निळसर, नखंसुद्धा. मी मान तिरकी केली नाही. पायरीवर नेलं नाही. कोणाला मत दिलं नाही, कोणाचं घेतलं नाही. बाळाला उचललं आणि पल्लवीला हाक मारली. "ऊठ. बाळ निळं पडलंय."

ती धडपडत आली, बाळाला हातात घेतलं. "अण्णा, मला तर तसं काही..."

"ऑटोत बोल," मी म्हणालो.

तिने एकदा बाळाकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. काय मनात आलं कोणास ठाऊक, चप्पल घातली आणि निघाली. सबंध रस्ता बाळ माझं बोट तोंडात घालायला बघत होतं आणि मी ड्रायव्हरला स्वल्प जोरात, स्वल्प जोरात म्हणत होतो; इथल्या कन्नडमध्ये स्वल्प म्हणजे जरासं.

डॉक्टरीणबाईंनी हातातलं काम सोडून बाळाला घेतलं. छातीला नळी लावली, ओठ बघितले, जीभ बघितली, पायाच्या अंगठ्याला चिमट्यासारखं यंत्र लावून आकडा बघितला. बाळ त्यांच्याकडे बघून हसलं. मग त्या माझ्याकडे वळल्या आणि माझ्या लाल डोळ्याकडे बघत राहिल्या.

"अज्जा, ऑपरेशन कधी झालं?"

"तीन दिवस झाले."

"म्हणजे पिवळी काच निघाली. हा डोळा उघडा ठेवा, तो मिटा. आता सांगा, मी कशी दिसते? मीसुद्धा निळी?"

मी त्यांच्याकडे बघितलं. त्यांच्या पांढऱ्या कोटाकडे बघितलं. भिंतीकडे, पंख्याकडे, पल्लवीकडे, नीट, वेळ घेऊन बघितलं.

"स्वल्प," मी म्हणालो.